कुठल्या हेडमधून?

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत कुणीही कसलीही मागणी मांडली, की टेबलापलीकडून एकच प्रश्न येतो. ‘ताई, तुमचं बरोबर आहे, पण हे बसवायचं कुठल्या हेडमधून?’ विचारतात ते आमचे ग्रामपंचायत अधिकारी. 2024 पर्यंत त्यांच्या पदाला ग्रामसेवक म्हणत, आणि गाव त्यांना आधीही भाऊसाहेब म्हणायचं, आताही भाऊसाहेबच म्हणतं. त्यांचा प्रश्न रास्त असतो. हेड म्हणजे लेखाशीर्ष, कुठल्या कामासाठी आलेला पैसा कशावर टाकायचा याचा कप्पा. चुकीच्या हेडमधून खर्च पडला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली त्यांच्या आणि सरपंचांच्या नावावर लागते. तरीही त्या प्रश्नाने गावाचं काय होतं, हे सदस्य म्हणून आत बसून पाहिल्यावर मला नीट कळलं, आणि त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, चार हजारांच्या आसपास वस्तीचं. चार वॉर्ड, अकरा सदस्य आणि थेट जनतेतून निवडून आलेले सरपंच. अशा गावाकडे पैसा अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेने येणाऱ्या पैशाला स्वतःच्या अटी असतात. सगळ्यांत भरवशाचा पैसा केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाच्या काळात आपल्या राज्यात या निधीचे 10 टक्के जिल्हा परिषदेला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 80 टक्के थेट ग्रामपंचायतींना, अशी वाटणी झाली. 2021 पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतीला मिळालेल्या दर शंभर रुपयांतले 30 पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले, 30 स्वच्छता आणि सांडपाण्यासाठी बांधलेले, आणि उरलेले 40 गावाने ठरवायचे. त्या 40 मधूनही पगार भागवता येत नव्हते.

याशिवाय पंचवीस-पंधरा. हे खरं तर लेखाशीर्षाचे आकडे, पण गावात ते योजनेच्या नावासारखेच बोलले जातात, ‘आमदारांनी पंचवीस-पंधरातून सभामंडप दिला’ असं. स्मशानभूमीचं शेड किंवा ग्रामपंचायतीची इमारत करायची असेल तर जनसुविधा योजना. मागासवर्गीय वस्तीतली कामं दलित वस्तीच्या निधीतून. आमदार फंड, खासदार फंड, डीपीडीसी म्हणजे जिल्हा नियोजनाचा पैसा, रोजगार हमी, जलजीवन हे आणखी वेगळे. यातला बराचसा पैसा मागावा लागतो, त्यासाठी तालुक्याला, जिल्ह्याला खेटे घालावे लागतात, आणि तो येतो तेव्हा कामाचं नाव घेऊनच येतो.

त्यामुळे होतं असं, की गावाला काय हवं हे ठरण्याच्या आधी काय मिळू शकतं हे ठरतं. माणसं शहाणी असतात, जे मिळण्यासारखं आहे तेच मागायला शिकतात. पेव्हर ब्लॉक मिळतात म्हणून पेव्हर ब्लॉक. कमान मिळते म्हणून कमान. हायमास्ट दिवा मिळतो म्हणून चौकात हायमास्ट. यातली एकेक गोष्ट उपयोगाची असेलही, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आमच्या गावात टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता त्याच काळात मंदिरापुढचं पटांगण दुसऱ्यांदा ब्लॉकने सजलं, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, कारण दोन्ही पैसे वेगळे. इकडचे तिकडे वळवता येत नाहीत, हे सगळ्यांना पाठ होतं.

खालच्या आळीतल्या गटाराचं सांगते. त्या एका कामात मला गावाच्या नियोजनाचं सगळं अंतरंग दिसलं.

खालची आळी उतारावर आहे. वरच्या दोन वॉर्डांचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी तिथून ओढ्याला जातं, म्हणजे जायला हवं. बंदिस्त गटाराचं काम मंजूर झालं होतं ते माझ्या आधीच्या टर्ममध्ये. मी पाहिलं तेव्हा गटार मधल्या बोळापर्यंत येऊन थांबलेलं होतं. पुढे ओढ्यापर्यंत मातीचा चर, तोही शेणाने आणि प्लास्टिकने भरलेला. पाणी जिथे गटार संपतं तिथेच साचायचं, आणि ज्या घराच्या उंबऱ्याशी ते साचायचं त्या घरातली म्हातारी दर पावसाळ्यात दाराला विटा लावून बसायची. गटार होण्यापूर्वी पाणी आळीभर पसरून जायचं. आता सगळं एकवटून एकाच दारात येत होतं.

हे गटार तिथेच का थांबलं, याचा मी माग काढला. कागद चोख होते. एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, एमबीवर म्हणजे मोजमाप पुस्तिकेत मोजमाप, पूर्णत्वाचा दाखला, सगळं रीतसर. शाखा अभियंत्यांनी मला समजावून सांगितलं ते असं: त्यांच्याकडे काम आलं तेव्हा लांबी आली नव्हती, रक्कम आली होती. एवढ्या रकमेत दरसूचीप्रमाणे जेवढे मीटर बसतात तेवढ्यांचं एस्टिमेट त्यांनी केलं. ती रक्कम कुठून आली? त्या वर्षीच्या स्वच्छतेच्या बांधील निधीला वॉर्डांनी भागून. प्रत्येक वॉर्डाला सारखा वाटा द्यायचा, म्हणजे कुणाची तक्रार नको. चार वॉर्डांत चार गटारांचे तुकडे झाले, आणि त्यांतलं एकही पाणी जिथे जायला हवं तिथपर्यंत पोचलं नाही.

समान वाटपाचा हा रिवाज गावोगाव आहे. सदस्यांना मी दोष देत नाही. ज्याला पाच वर्षांनी पुन्हा मतं मागायची आहेत त्याला आपल्या आळीत दाखवायला काहीतरी हवं असतं, आणि भांडणाशिवाय सभा पार पडावी असं सरपंचांना वाटणं अगदी साहजिक आहे. पण पाण्याला वॉर्डाची हद्द कळत नाही. वरच्या वॉर्डातलं गटार पूर्ण केलं तर खालच्या वॉर्डाचा त्रास वाढतो, खालचं आधी केलं तर वरच्यांना वाटतं पैसा आपला आणि काम त्यांचं. हे मासिक सभेच्या खोलीत बसून सुटणारं नाही.

सुटलं ते चालण्याने. जुलैमध्ये संततधार लागलेली असताना आम्ही सगळ्या सदस्यांना, भाऊसाहेबांना आणि वरच्या-खालच्या आळीतल्या जाणत्या माणसांना घेऊन पाण्याच्या वाटेने चालत गेलो. मारुतीच्या देवळामागून सुरुवात केली आणि पाणी जिकडे जाईल तिकडे गेलो. वरच्या वॉर्डातल्या एका सदस्याने आपल्याच आळीचं पाणी म्हातारीच्या उंबऱ्याशी फिरताना पाहिलं. ‘अरे, हे सगळं आमच्याकडचंच की,’ एवढंच तो म्हणाला. पुढच्या सभेत त्यानेच ठराव मांडला, की दोन वर्षांचा स्वच्छतेचा निधी एकत्र धरून आधी ओढ्यापर्यंतची वाट पूर्ण करायची, मग बाकीच्या वॉर्डांना हात घालायचा. उरलेल्या वॉर्डांचा क्रम त्याच ठरावात लिहून घेतला, नाहीतर त्यांनी हात वर केला नसता. तसा लेखी क्रम मागायचा त्यांना हक्कच होता.

एस्टिमेट या वेळी ओढ्याकडून सुरू झालं. शेवटचं टोक कुठे आहे आणि त्याची लेव्हल काय, हे आधी ठरलं. मग तिथून वर किती मीटर, चेंबर किती, पाईप किती व्यासाचा. ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरून वाट न्यावी लागत होती. त्यांची संमती तोंडी होती, ती कागदावर घेतली. रक्कम सगळ्यात शेवटी आली.

आराखडा हा शब्द ग्रामपंचायतींच्या तोंडी चांगला रुळलाय. राज्य सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम आणला आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांना सोबत घेऊन आपला आराखडा करायचा असं ठरलं. शिवारफेरी काढायची, वस्तीवस्तीवर बसायचं, महिलांची सभा वेगळी घ्यायची, मग ग्रामसभेत प्राधान्यक्रम लावायचा. कल्पना म्हणून हे मला आजही फार मोलाचं वाटतं. नंतर देशभरची मोहीम आली. 2 ऑक्टोबरच्या सुमारास ती सुरू होते, आराखडा तयार होतो आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवला जातो. अलीकडे त्याला नऊ संकल्पनाही जोडल्या आहेत: जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, महिलास्नेही गाव वगैरे.

मला अडतं ते महिन्याशी. ऑक्टोबरात आमचं गाव वर्षातलं सगळ्यात देखणं असतं. विहिरी भरलेल्या, ओढा वाहता, चिखल वाळलेला, पिकं डोलणारी. पिण्याच्या पाण्याचे हाल एप्रिल-मेमधले आणि सांडपाण्याचे जून ते ऑगस्टमधले. दोन्ही त्रास डोळ्यांआड असतात नेमके त्याच दिवसांत आपण पुढच्या वर्षाचा आराखडा करायला बसतो. मग ज्याला जे आठवेल ते, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचं. मुदत वरून आलेली असते, ती पाळावीच लागते, पण यादी त्याच आठवड्यात करायला हवी असं कुठल्याही परिपत्रकात नाही. ऑक्टोबरात भाऊसाहेबांपुढे ठेवायची यादी मे आणि जुलैमध्ये, त्रास चालू असताना, त्या त्या जागी उभं राहून लिहिलेली असली तर तिच्यात बळ असतं. आमच्याकडे एक शंभर पानी वही आहे. जागा, त्रास, कुणी दाखवला, कुठल्या महिन्यात पाहिला. एवढेच रकाने.

महिला ग्रामसभेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. नियमाने ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवर होते, आशाताई आणि अंगणवाडी सेविका ओळखीच्या बायकांच्या सह्या गोळा करतात आणि झालं. आम्ही ती संध्याकाळी, शेतावरून बायका परतल्यावर, समाजमंदिरात घ्यायला लागलो. पहिल्या वेळी कुणी बोलेना. मग बचत गटाच्या एका अक्कांनी विषय काढला तो आरोग्य उपकेंद्राचा. तपासणीच्या टेबलापुढे पडदा नाही. दार लावलं तर अंधार, उघडं ठेवलं तर व्हरांड्यातल्या माणसांना सगळं दिसतं. त्यामुळे सुना तपासायला जायचं टाळतात. एवढं बोलून त्या बसल्या. त्यानंतर मात्र बायका बोलायच्या थांबेनात. एसटी स्टँडवर बायकांसाठी मुतारी हवी. मळ्याकडच्या रस्त्यावर दोन पोल आहेत पण दिवे नाहीत, भांगलणीहून येताना अंधार पडतो. धुण्याच्या घाटाच्या पायऱ्या वाहून गेल्यात.

यात कुठेही सभामंडप नव्हता, कमान नव्हती. आणि पडद्याचा खर्च तर इतका किरकोळ, की त्याला बसेल असं हेड शोधण्यातच सगळ्यांचा वेळ गेला. शेवटी तो बसला महिला व बालकल्याणाच्या 10 टक्क्यांत.

हे 10 टक्के कशाचे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. त्याच स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गाळ्यांचं भाडं, बाजाराची पावती. म्हणजे ज्याचा दुमजली बंगला आहे आणि ज्याच्या नावापुढे नमुना 9 मध्ये, म्हणजे कराच्या नोंदवहीत, वर्षानुवर्षं थकबाकी दिसते, त्याने न भरलेल्या रकमेतून उपकेंद्राचा पडदा कमी होतो, दिव्यांगाची मदत कमी होते. ग्रामपंचायत थकबाकीदारांची यादी फलकावर लावते तेव्हा लोकांना ती बदनामी वाटते. मला वाटतं त्या यादीशेजारीच दुसरी यादी लावावी: हा पैसा आला असता तर या वर्षी कुठलं काम झालं असतं.

स्वतःच्या उत्पन्नावर माझा एवढा भर का, तर वित्त आयोगाचे ते 40 रुपये सोडले तर तोच एक पैसा असा आहे की तो कुणी वर बसून ठरवलेल्या कामाचं नाव घेऊन येत नाही. ते टक्के बाजूला काढले की उरलेल्याचं काय करायचं, हे गाव ठरवतं. व्हॉल्व्हमनचा पगार त्यातून, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर त्यातून, मोटर जळाली तर रात्रीत वाइंडिंग करून आणायचं त्यातून. सगळं गाव ज्याच्यावर चालतं ती ही किरकोळ कामं असतात, आणि त्यांचं उद्घाटन होत नाही म्हणून त्यांच्यासाठी कुणी निधी आणत नाही.

ज्या गावांची नावं आपण आदराने घेतो तिथेही हेच दिसतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं, आणि लोकांनी कर भरला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 पासून बांबू विकून ग्रामसभेच्या हाती तिचा स्वतःचा पैसा आला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपण भाषणांत वापरतो. ती म्हणायला त्यांच्याकडे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची अनेक वर्षांची सवय होती आणि पुढे मिळकतही आली. प्रत्येक गावाला जंगल नसतं, मान्य आहे. घरपट्टी मात्र प्रत्येक गावाला असते.

आता ग्रामसभा. कायद्याने वर्षाला किमान चार, आणि रिवाजाने त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. आमच्याएवढ्या गावात 100 माणसं जमणं अवघड नाही, पण ती जमतात घरकुलाच्या यादीसाठी. घरकुलाचा विषय आटोपला की निम्मी मंडळी उठतात. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग ज्या दिवशी कुणी नसतं त्या दिवशी सगळे विषय मंजूर होतात, तेही कायद्याला धरून.

जमाखर्चाचं वाचन बहुतेक वेळा शेवटी येतं आणि भरभर होतं. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षात घ्यायची कामं आणि लेखापरीक्षकांचे शेरे ठेवायचे असतात, ही कायद्यातली तरतूद आहे, कुणाची मेहरबानी नाही. मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते लेखापरीक्षकांचे शेरे. गेल्या वर्षी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने सभेत उभं राहून ते वाचून दाखवायला सांगितले. आवाज थरथरत होता तिचा. मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडून आपल्या गावाच्या नावावर किती रक्कम आली आणि कशावर पडली, हे तिने आधीच पाहून ठेवलं होतं. एका कामाची रक्कम तिला जुळत नव्हती. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढलं, काम दोन टप्प्यांत झालं होतं आणि दुसरा टप्पा पुढच्या वर्षात पडला होता, ते दाखवलं. तिचं समाधान झालं. पण त्या दहा मिनिटांत अंदाजपत्रक म्हणजे काय, सुरुवातीची शिल्लक कुठून येते आणि मार्चअखेर बिलांची एवढी घाई का असते, हे सभेत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. भाऊसाहेबही खूश झाले. त्यांना विचारणारं कुणी नसतं, सगळे मागणारेच असतात, असं ते नंतर चहा घेताना म्हणाले.

त्यांच्याबद्दलही एक सांगायला हवं. एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन ग्रामपंचायती, नमुना 1 ते 33 ची रजिस्टरं, दाखले, ऑनलाइन नोंदी, वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठका, प्रत्येक खात्याचं सर्वेक्षण. पैसा काढायचा तर सरपंचांची आणि त्यांची डिजिटल सही लागते, आणि ती चालेना तर तालुक्याला फेरी. गावाने यादी तयार करून दिली नाही तर हा माणूस मागच्या वर्षीच्या आराखड्यात साल बदलून नवा आराखडा चढवणार, यात नवल काही नाही. त्याला बोल लावण्याआधी आपण त्याच्या हातात काय दिलं ते पाहावं.

ओढ्यापर्यंतचं गटार झालं. पहिल्या पावसाळ्यात एका चेंबरच्या झाकणापाशी पाणी उसळलं, ते झाकण ठेकेदाराकडून बदलून घेतलं. वरच्या वॉर्डाचा नंबर ठरावातल्या क्रमाप्रमाणे पुढचा आहे, आणि त्यांचे सदस्य प्रत्येक मासिक सभेत त्याची आठवण करून देतात. मळ्याकडच्या रस्त्यावरच्या दिव्यांचं अजून झालेलं नाही. दिवे बसवायला पैसा आहे, पण त्यांचं दरमहाचं वीजबिल स्वनिधीतून झेपेल का, यावर सभेत दोन मतं आहेत. मी झेपेल या मताची आहे, मार्चपर्यंतची वसुली पाहून निर्णय घ्यायचा असं ठरलंय. स्टँडवरच्या मुतारीसाठी जागेचा उतारा मागवलाय. या वर्षीची पावसातली फेरी चौथ्या वॉर्डात काढायची आहे. शाखा अभियंत्यांनी यायचं कबूल केलंय. टेप ते आणणार आहेत, खुणा करायला रंगाचा डबा आणि वही आम्ही नेणार आहोत, पावसात फक्की टिकत नाही.